सत्तावीस सेटअप

१

‘साक्षी’ नावाचा फोल्डर नाहीसा झाला होता. सत्तावीस माणसांचे जबाब होते त्यात, व्हिडिओवर घेतलेले, आणि त्यातली चार माणसं आता या जगात नव्हती. सुनावणी दुसऱ्या दिवशी सकाळी अकराला होती.

प्रगती भोईरला हे कळलं तेव्हा ती उल्हासनगरच्या कॅम्प चारमधल्या आपल्या दुकानात एका गिऱ्हाइकाच्या लॅपटॉपमधून नको ते प्रोग्राम उपटत बसली होती. कॉम्प्युटर दुरुस्तीचं हे दुकान ती अकरा वर्षं एकटीने चालवत होती. फोन बदलापूर गावातून होता, यशोधराताईंचा.

“प्रगती, अगं, साक्षी फोल्डर दिसत नाहीये.”

“दिसत नाही म्हणजे?”

“नाहीच आहे. तू मागच्या मंगळवारी मशीन साफ केलंस ना, त्यातच गेला असणार. त्यानंतर तो कुणी उघडलाच नव्हता. हे बघ, मला राग नाही आलेला. चूक होते माणसाकडून.”

प्रगतीची कानशिलं तापली. त्या फोल्डरला तिने बोटही लावलं नव्हतं. न केलेल्या चुकीची माफी मिळाली की माणसाने करायचं काय? ओरडावं तर आपणच उर्मट ठरतो.

“ताई, मी त्याला हात लावला नव्हता.”

“बरं, बरं. तू ये तर खरी. आणि आलीस की आधी ते जुने सेटअप, प्रोग्राम बसवायच्या फाइली, पडलेत ना, ते सगळे काढून टाक. मशीन जरा हलकं होऊ दे, मग शोधायला बस.”

प्रगतीने समोरचा लॅपटॉप तसाच मिटला, शटर ओढलं आणि स्कूटरला किक मारली. अंबरनाथपर्यंत ती मनातल्या मनात ताईंशी भांडत होती. पुढे भांडणही सुचेना. फोल्डर खरंच आपल्याच हातून गेला असेल तर? अकरा वर्षांत असं कधी झालं नव्हतं. पण एखादी गोष्ट होत नाही, होत नाही, आणि एक दिवस होते.

२

डोंगरकूस मंडळाचं कार्यालय म्हणजे बदलापूर गावातल्या एका बैठ्या घराच्या दोन खोल्या. बारवी धरणाकडच्या डोंगरातल्या पाड्यांसाठी मंडळ काम करायचं. सध्या उंबरपाड्याचा दावा चालू होता. पाड्याचं रान आणि वरचा झरा पाड्याच्या हक्कात यावा, एवढीच मागणी. पण पंधरा वर्षांपूर्वीच्या नकाशात तो झरा हद्दीबाहेर पडला होता. पिढ्यान्‌पिढ्या तिथलंच पाणी पितो, हे म्हाताऱ्यांनी स्वतःच्या तोंडाने सांगितलेले जबाब हाच काय तो पुरावा.

दारातच जिवली वाघे बसली होती. पाड्याची पुढारीण म्हणावी अशी, चाळिशीची, काटक. तिची आई बनूबाई दिवाळीनंतर वारली होती. सगळ्यात लांब जबाब तिचाच होता.

“ताय, गावंल ना?” जिवलीने विचारलं.

“बघते,” प्रगती म्हणाली. तिला डोळे वर करून बोलवेना.

आत यशोधराताई खुर्चीत बसल्या होत्या. वय अडुसष्ट, निवृत्त शिक्षिका, अर्धं आयुष्य पाड्यांवर गेलेलं. कॉम्प्युटरसमोर तुषार होता. मंडळाचं टायपिंग, स्कॅनिंग, धावपळ, सगळं तोच करायचा. खिडकीशी राजसी उभी होती. अंबरनाथच्या कॉलेजात शिकवणारी ही तरुण बाई मागच्या वर्षी मार्च-एप्रिलमध्ये पाडोपाडी फिरली होती आणि सगळे जबाब तिनेच चित्रित केले होते.

प्रगतीने स्क्रीनकडे पाहिलं आणि तिचं डोकंच सटकलं. कोपऱ्यात लाल झाडू गरगर फिरत होता. तुफान क्लीनर! हाच प्रोग्राम तिने मागच्या मंगळवारी मुळासकट काढला होता. एकोणीस प्रोग्राम काढले होते, त्यातला हा सगळ्यात चिवट. काढला की ‘खरंच जाऊ का?’ विचारायचा, हो म्हटलं की मागच्या दाराने परत यायचा. अडीच तास गेले होते त्याच्यापायी.

“हा परत कोणी घातला?”

तुषारने माऊस सोडून दिला.

“तुषार?”

“मॅडम, अपने आप आया होगा.”

“आपोआप ढेकूण पण येत नाहीत, तुषार. कोणीतरी गादी आणतं तेव्हा येतात.”

३

तुषारला तिने ओट्यावर नेलं. तो आधी हिंदीत उडवाउडवी करत राहिला, मग मराठीवर आला.

“दोनशे अंगठे स्कॅन केले होते, मॅडम. सगळ्यांची मिळून एक पीडीएफ करायची होती. फुकटवाला सॉफ्टवेअर टाकला, त्याच्यासोबत हे झाडूवालं आलं. मी नेक्स्ट नेक्स्ट करत गेलो.”

“वाचत नाहीस ना कधी?”

“वाचतं कोण?” त्याचे डोळे भरून आले. “शुक्रवारी झाडूवाल्याने सांगितलं, कचरा आहे, साफ करू का. मी हो म्हटलं. सकाळपासून तेच डोक्यात फिरतंय. माझ्याचमुळे गेलं ना?”

“किती कचरा काढला म्हणाला?”

“एक पॉइंट आठ जीबी. फोटो काढून ठेवलाय.”

फोटोत तसंच होतं. प्रगतीने आकडा दोनदा वाचला. तिला त्याची कीव आली, आणि कीव आली म्हणून स्वतःचाही राग आला.

“रडू नकोस. साक्षी फोल्डर शेहेचाळीस जीबीचा होता. हा झाडू दोन जीबीच्या आत थांबला. तो नाही नेऊ शकत.”

“मग कोणी नेलं?”

ते तिलाही ठाऊक नव्हतं. पण एक गोष्ट तिला कधीची टोचत होती. जबाब इतके मोलाचे, तर दुसरी प्रत का नाही काढत कोणी? ती आत आली.

“राजसी, तुझ्याकडे प्रत आहे ना? सगळे म्हणतात तुझ्याकडे हार्ड डिस्क आहे.”

“आहे. घरी आहे.”

“मग घेऊन ये. तुझं मांजर्लीचं घर काय लांब आहे? अर्ध्या तासात सगळं प्रकरण मिटेल.”

राजसी जागची हलली नाही. तिने ओढणीचं टोक बोटाला गुंडाळलं, सोडलं, पुन्हा गुंडाळलं.

“डिस्क आहे,” ती हळूच म्हणाली. “पण तिच्यात काही नाही. जुलैत पाणी भरलं तेव्हा तळमजल्यावर आमच्याकडे छातीइतकं होतं. कपाटाचा खालचा खण... मी दुरुस्तीला दिली, काहीच निघालं नाही. सांगायची लाज वाटली. इथे मूळ प्रत होतीच, म्हणून गप्प राहिले.”

दारातून जिवली सगळं ऐकत होती. ती उठून उभी राहिली.

“म्हंजे कुठंच नाय? आमची आय कुठंच नाय आता?”



४

प्रगती मशीनसमोर बसली. कचराटोपली रिकामी होती. व्हिडिओ म्हणून शोधलं, एकही निघाला नाही. बनूबाईच्या नावाने शोधलं, नाही. मागे ताई उभ्या होत्या.

“उगाच दमतेस गं,” त्या म्हणाल्या. “उद्या मी तोंडी सांगेन सुनावणी घेणाऱ्या साहेबांना. सह्या आहेत, अंगठे आहेत. निभेल. तू तेवढे सेटअप काढ आणि जा घरी.”

प्रगतीने बॅगेतून मागच्या मंगळवारचं जॉबकार्ड काढलं. काम संपलं की मशीनमध्ये किती जागा मोकळी राहिली, हा आकडा ती त्यावर लिहायचीच. गिऱ्हाईक नंतर म्हणतं, तुम्हीच भरून ठेवलं. कार्डावर होतं: मोकळी जागा एकशे बारा जीबी.

आता स्क्रीनवर होती एकशे नऊ.

ती आकड्यांकडे बघत राहिली. मग तुषारला म्हणाली, “शेहेचाळीस जीबी गेले तर मोकळी जागा वाढायला हवी की नको?”

“वाढायला हवी. दीडशेच्या वर जायला हवी.”

“कमी झालीये. तुझ्या त्या फुकटवाल्या सॉफ्टवेअरने खाल्ली तेवढी.” तिचा आवाज चढला. “म्हणजे कोणी काही पुसलेलंच नाही. फोल्डर याच मशीनमध्ये आहे.”

“मग दिसत का नाही?” राजसी पुढे आली.

ते प्रगतीलाही कळेना. तासभर ती खोदत राहिली. लपवलेले फोल्डर उघडले, झाडूवाल्याचं पोट फाडलं, जुन्या प्रिंटरची राहिलेली घाण उपसली. प्रत्येक ठिकाणी तोच कचरा, आणि मध्येमध्ये तो झाडू वर येऊन विचारायचा, ‘तुमचं मशीन सुस्त आहे, साफ करू?’ एकदा तिने माऊस इतका जोरात आपटला की टेबलावरचा चहा सांडला.

“बाई गं,” ताई म्हणाल्या, “आधी तो पसारा काढ म्हणतेय ना मी. सेटअप गेले की नीट दिसेल सगळं.”

एका परीने बरोबर होतं. पसरलेल्या भांड्यांत सुई शोधण्यापेक्षा आधी भांडी उचललेली बरी. प्रगतीने डाउनलोडचा फोल्डर उघडला. तिथे आत एक फोल्डर होता, ‘जुने सेटअप’. त्यात सेटअप एक, सेटअप दोन, अशी ओळच्या ओळ. तिने सगळे एकदम निवडले आणि डिलीटचं बटण दाबलं. पेटी वर आली: या फाइली फार मोठ्या आहेत, कचराटोपलीत मावणार नाहीत. कायमच्या पुसायच्या?

“हो म्हण,” मागून ताईंचा आवाज आला.

बोट माऊसवर होतं. प्रगतीची नजर पेटीतल्या आकड्यावर गेली. सत्तावीस फाइली.

तिने हात उचलला.

५

“काय झालं?” तुषारने विचारलं.

प्रगतीने पेटी बंद केली.  अजून एक क्षण, आणि तिनेच पुसलं असतं सगळं, स्वतःच्या बोटाने, सगळ्यांसमोर.

“तू किती सेटअप उतरवलेस, तुषार?”

“चार. पण ते बाहेर आहेत, डाउनलोडमध्येच. हा फोल्डर मी नाही केला.”

“तुझ्या त्या चारांची चित्रं बघ. हा झाडू, हे पीडीएफचं पान. प्रत्येक सेटअपला आपलं चित्र असतं. या सत्तावीसांना एकालाही नाही. आणि तारखा बघ. सेटअप एक, मागच्या वर्षीचा मार्च महिना, बारा तारीख. राजसी, बारा मार्चला तू कुठे होतीस?”

राजसीने तोंडावर हात ठेवला. “उंबरपाड्यावर. पहिला दिवस.”

“फाइलीचं नाव बदललं तरी ती कधी बनली ती तारीख तशीच राहते.” प्रगतीने ‘सेटअप नऊ’च्या नावाचं शेवटचं टोक, फाइलीचा प्रकार सांगणारं, पुसलं आणि व्हिडिओचं टोक लावलं. चित्र उमटलं. दगडावर बसलेली एक म्हातारी, हातात काठी, मागे आभाळ.

“आय,” जिवली म्हणाली. ती पडद्याजवळ आली, पण पडद्याला हात लावायचं तिला धाडस होईना.

तुषार हसत होता, राजसी रडत होती. प्रगतीला दोन्ही जमेना. सकाळपासून साचलेला राग आता कुठे डोकं वर काढत होता.

“गावलं ते गावलं,” ती म्हणाली. “पण कोणी लपवलं? हे कुणी मुद्दाम केलंय. आणि पुसायचं काम माझ्यावर टाकलंय.”

“मी नाही, आईशपथ,” तुषार म्हणाला.

“तू नाहीस. तुला नावं बदलायची असती तर तू एका ओळीची आज्ञा दिली असतीस, सत्तावीस नावं एका दमात बदलली असती. राजसीनेही तेच केलं असतं. ही नावं कुणीतरी एकेक करून टाइप केलीत. हा बघ, अकरा नंबरला सेटअपचं स्पेलिंग चुकलंय. एकोणिसाव्यातही. दोन बोटांनी, चाचपडत, तासभर बसून केलेलं काम आहे हे. फोल्डर बनलाय शनिवारी दुपारी तीनला. शनिवारी तू कुठे होतास?”

“जिवलीताईंबरोबर पाड्यावर. सकाळी गेलो, अंधार पडायच्या जरा आधी आलो.”

“आला व्हता,” जिवली म्हणाली.

“मी कॉलेजात होते, परीक्षेच्या पर्यवेक्षणाला,” राजसी म्हणाली. “पण मग इथे कोण...”

ती बोलता बोलता थांबली. सगळ्यांच्याच लक्षात आलं, आणि कुणालाच त्या बाजूला बघवेना.

६

प्रगतीने खुर्ची वळवली.

“ताई, मागच्या मंगळवारी मी या मशीनमध्ये एकही सेटअप शिल्लक ठेवला नव्हता. तुषारने चार उतरवले हे मला आत्ता कळलं. आज सकाळी फोनवर तुम्ही म्हणालात, जुने सेटअप पडलेत ते सगळे काढ. कुठले सेटअप?”

यशोधराताई जवळच्या खुर्चीत बसल्या.

“त्या दिवशी तुम्ही माझ्या शेजारी बसून विचारत होतात, ही फाइल सेटअप आहे हे तुला कळतं कसं. मी दाखवलं. नावाच्या शेवटी हे टोक असतं. टोक बदललं की दुसऱ्याच प्रकारची वाटते, हेही मीच दाखवलं. मला इतकं बरं वाटलं होतं, या वयात शिकताय म्हणून.”

“बंद कर ते,” ताई म्हणाल्या. प्रगतीने व्हिडिओ चालू केला होता, पडद्यावर बनूबाई बोलत होती.

“नाय,” जिवली म्हणाली. “चालू दे.”

बनूबाईचा आवाज खोलीत पसरला. झरा कुठे, उंबर कुठे, पोरगी बाळंत झाली की पहिलं पाणी कुठून आणायचं, सगळं ती काठीने दाखवत होती. मग म्हणाली, “नकाशा काढाया मास्तरीणबाय आल्ती. वर नाय चढली. पाय दुखतं बोलली. खालीच बसली आंब्याखाली, न मानसांना इचारून इचारून लिवलं. झरा वर हाय, तो कसा दिसंल खालून?”

राजसी पुटपुटली, “मला वाटलं, कुणी सरकारी बाई असेल.”

ताईंनी डोळे मिटून घेतले.

“ताप होता मला,” त्या म्हणाल्या. “दोन दिवस अंगात ताप होता, आणि मुदत संपत होती. पण कागदावर मी लिहिलं, स्वतः हद्दीवरून फिरून नकाशा केला. खाली सही केली. पंधरा वर्षं सगळ्यांना वाटतं, झरा सरकारने वगळला. मलाही तसंच वाटायला लागलं होतं. शुक्रवारी सुनावणीच्या तयारीला म्हणून हे सगळे जबाब पहिल्यांदा ऐकायला बसले. आणि ती हे बोलली.”

“फोल्डर कुणी उघडलाच नाही म्हणालात मला,” प्रगती म्हणाली.

“खोटं बोलले. एकटा तिचा जबाब गेला असता तर सगळ्यांनी विचारलं असतं, तिचाच का. म्हणून सगळेच...” त्या पडद्याकडे बघू लागल्या. “पुसायलाच बसले होते, प्रगती. बटणावर बोट ठेवलं. नाही झालं. एरवी मला नावाने हाक मारायची ती. तिला माझ्या हाताने पुसवेना.”

“म्हणून माझ्या हाताने?”

“तुझी चूक झाली म्हणून सोडून दिलं असतं सगळ्यांनी. कुणी तुला बोललं नसतं, मी बोलू दिलं नसतं.”

प्रगतीला काय काय सुनवायचं होतं. अकरा वर्षांचं नाव, सकाळचा तो रस्ता, आपल्याच हातांवरचा उडालेला विश्वास. पण समोर बसलेली बाई एका तासात दहा वर्षांनी म्हातारी झाली होती, आणि तिच्यावर ओरडण्यातही काही मिळणार नव्हतं. ती उठली. सत्तावीस फाइलींना त्यांची खरी नावं देत बसली. राजसी एकेक चेहरा ओळखून नाव सांगत होती. तीन प्रती काढल्या. एक राजसीने घेतली, एक तुषारने, आणि एक प्रगतीने रुमालात गुंडाळून जिवलीच्या हातात दिली. तो झाडू तिने पुन्हा काढला, तुषारला शेजारी बसवून, प्रत्येक पेटीतली ओळ त्याच्याकडून मोठ्याने वाचून घेत.

ताईंशी ती त्या दिवशी एक शब्दही बोलली नाही. जिवलीही नाही.

दुसऱ्या दिवशी सुनावणीला प्रगती गेली, कारण व्हिडिओ ऐनवेळी अडकला असता तर दोष पुन्हा तिच्यावरच आला असता. व्हिडिओ अडकला नाही. बनूबाई बोलली, साहेबांनी ऐकलं आणि विचारलं, ही मास्तरीणबाई कोण?

तुषारने मान खाली घातली. यशोधराताई टेबलाला धरून उभ्या राहिल्या.

“मी,” त्या म्हणाल्या. “मी डोंगर चढले नव्हते. झरा माझ्यामुळे बाहेर राहिला. तसं लिहून घ्या, मी सही करते.”

साहेबांनी लिहून घेतलं. जागेची पाहणी शनिवारी ठेवली, आणि पहिला नकाशा ज्यांनी केला त्यांनीही हजर राहावं, असं सांगितलं.

बाहेर पायऱ्यांवर ताई जिवलीपाशी थांबल्या. माफी मागायला शब्द जुळवत होत्या, पण जिवलीने वाट पाहिली नाही.

“शनवारी सकाळी सहाला निगायचं, बाय. ऊन चढायच्या आत वर पोचाया पायजे.”

“मला चढवेल का गं आता?”

जिवलीने त्यांच्या पायांकडे पाहिलं, मग तोंडाकडे.

“हळू चालू. दम लागंल तिथं थांबू, मी थांबन तुमच्यासंगं. पर या टायमाला खाली बसायचं नाय.”